साधं बेअरिंग की भारी

फेब्रुवारी अर्धा सरला की अमरावती-अकोला रस्त्यावर थ्रेशर दिसू लागतात. ट्रॅक्टरच्या मागे जोडलेले, तोंड वर करून डुलत चाललेले, अंगावर मागच्या हंगामाची धूळ तशीच. दुपारच्या बसने जाताना दोन्ही बाजूंच्या वावरांत हरभऱ्याच्या गंजी लागलेल्या असतात आणि कुठं ना कुठं एखादं मशीन चालू असतं. त्याच्या तोंडातून कुटाराचा, म्हणजे बारीक भुशाचा, पिवळट झोत निघतो आणि वाऱ्यासोबत थेट रस्त्यावर येतो. बसमधली माणसं लगबगीनं काचा ओढून घेतात, कारण हे कुटार अंगाला लागलं की खाजवून जीव नकोसा होतो. मी माझी काच उघडी ठेवते. त्या धुळीला आंबूस वास असतो. हिरव्या हरभऱ्यावर पहाटे जी आंब धरते, ती झाड वाळल्यावरही पुरती जात नाही. तो वास नाकात गेला की मला त्याच्यासोबत जळक्या ऑइलचाही वास येतो, जो बसमध्ये नसतोच. एका वर्षीच्या हंगामात हे दोन वास एकमेकांत मिसळले, ते अजून वेगळे झालेले नाहीत.

मी अमरावतीला आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा विषय शिकवते. बाई असून हे शिकवते याचं बाहेरच्यांना कधीमधी नवल वाटतं. घरच्यांना वाटत नाही, कारण दादाच्या ट्रॅक्टरखाली पालथं-उताणं होऊन नट आवळणं मला रांगोळी काढण्याच्या आधी जमलं होतं. नेमक्या याच दिवसांत आमच्या वर्गात इंजिनाचं पोट उघडायची वेळ येते आणि बेअरिंगचा धडा येतो.

बेअरिंग म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर सायकलीची छर्ऱ्यांची चकती येते. इंजिनातलं हे बेअरिंग तसं नसतं. अर्ध्या बांगडीसारखी ती एक पातळ पट्टी. अशा दोन पट्ट्या जोडल्या की पुरी बांगडी होते, आणि त्या बांगडीत इंजिनाचा मुख्य दांडा, म्हणजे क्रँक, फिरत राहतो. दोघांच्या मध्ये ऑइलचा एक पापुद्रा असतो, केसापेक्षाही बारीक. तो शाबूत आहे तोवर लोखंडाला लोखंड लागत नाही. पट्टीचा वरचा थर मुद्दाम मऊ धातूचा करतात. कधी काही बिघडलंच तर पट्टीनं झिजावं आणि क्रँक वाचावा, असा त्यातला हिशोब.

हे सगळं सांगून झालं की वर्गातून एक प्रश्न हटकून येतो. "मॅडम, जास्त पैसे देऊन भारी बेअरिंग टाकलं तं फायदा होते का?"

मी विचारते, इंजिन कशाचं आहे, चालवणार कोण, आणि गाडी किती वर्षं ठेवायची आहे? मॅडमनं उत्तर टाळलं असं त्यांना वाटतं. मी टाळत नाही. या प्रश्नाला मला दुसरं उत्तर देता येत नाही, एवढंच.

माझा थोरला भाऊ दिनेश, आमचा दादा, बाळापूरकडच्या आमच्या गावी शेती करतो. जमीन काळी, भारी, पण भाग खारपाणपट्ट्याचा. बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. त्या पाण्यात डाळ शिजता शिजत नाही, बादलीच्या काठावर पांढरा थर बसतो, आणि बाहेरून आलेला माणूस चहाचा पहिला घोट घेतला की कपाकडे पाहतो. आम्ही त्याच पाण्यावर वाढलो. पुढं नळ आला तेव्हा गोडं पाणी पिण्यापुरतं झालं. धुणं, भांडी, गुरं आणि ट्रॅक्टरचं रेडिएटर, या सगळ्याला बोअरचंच पाणी.

दादानं शेतीसोबत थ्रेशरचा धंदाही धरला होता. आसपासच्या गावांत सोयाबीन, तूर, हरभरा, गहू काढून द्यायचा. मग त्याच्या मणक्यातली गादी सरकली. महिनाभर तो पलंगावरून उठू शकला नाही. उठला तेव्हा डॉक्टरांनी ट्रॅक्टरच्या सीटवर बसायचं नाव काढायचं नाही म्हणून बजावलं. एक ड्रायव्हर ठेवून पाहिला. तो चालवायचा चांगला, पण यायचा त्याच्या मर्जीनं, आणि हंगाम कुणाच्या मर्जीवर थांबत नाही. शेवटी कल्पनावहिनीच सीटवर बसली.

ती कशी शिकली हे मी पाहिलेलं आहे. दिवाळीत गेले तेव्हा दादा बांधावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेला आणि वहिनी रिकाम्या वावरात गोल गोल फिरून राहिलेली. तो हातानं खुणा करायचा, ती मान हलवायची आणि नेमकं उलटं करायची. संध्याकाळपर्यंत ती थ्रेशर जोडून सरळ मागे घेऊ लागली, जे दादालाही शिकायला एक आख्खा हंगाम लागला होता. त्या दिवाळीत मी तिला काट्यांची ओळख करून दिली. हा पाण्याच्या तापमानाचा, हा ऑइलच्या दाबाचा. तिनं विचारलं, ऑइलचा काटा खाली आला तर काय करायचं? मी म्हटलं, बंद करायचं, आधी बंद, विचार मागाहून.

पहिलं वर्ष बिनघोर गेलं. सुरुवातीला गावोगावच्या लोकांच्या फोनमध्ये तिचा नंबर 'दिनेशभाऊंच्या मिसेस' या नावानं होता. वर्ष संपता संपता तो 'कल्पनाताई थ्रेशर' झाला. हे तिनंच मला हसत हसत सांगितलं होतं आणि मीही हसून सोडून दिलं होतं.

मी सांगते आहे तो हंगाम त्याच्या पुढच्या वर्षीचा. त्या वर्षी हरभरा छान आला होता. घाटे भरलेले, झाडं ओणवी झालेली. सोंगणीच्या बाया पहाटेच वावरात जायच्या, कारण ऊन चढलं की घाटे फुटून दाणे मातीत जातात. आंबेनं त्यांच्या बोटांना चिरा पडायच्या आणि त्या घरी येऊन बोटांना तेल चोळत बसायच्या. गंजी लागल्या. अशा वेळी मोबाइलवर बातम्या यायला लागल्या की अवकाळी पाऊस येणार, गाराही पडतील. वाळलेल्या हरभऱ्यावर पाणी पडलं की दाणा काळा पडतो. मग जो तो थ्रेशरच्या मागे लागतो. वहिनीचा फोन दिवसभर वाजत होता.

शेजारच्या गावी एका शेतकऱ्याची गंजी अर्धी निघाली असताना इंजिनातून ठोका यायला लागला. वहिनी सांगते, आधी तिला वाटलं थ्रेशरमध्ये लाकूड अडकलं. मग तिची नजर काट्याकडे गेली. काटा खाली आला होता. तिनं तिथंच इंजिन बंद केलं. शेतकरी धावत आला. अर्धीच राहिली आहे, एवढी काढून घ्या, मग पाहा, म्हणून त्यानं हात जोडले. चार-सहा माणसं जमली. त्यांनीही तेच सांगितलं. वर ढग होते. वहिनी म्हणाली, आता नाही. आणि सीटवरून उतरून बाजूला उभी राहिली. तो शेतकरी तिच्याशी त्या दिवशी पुन्हा बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर ओढत अकोल्याला आणला, बाळापूर नाक्याजवळच्या रऊफभाईंच्या गॅरेजमध्ये. इकडे गावात बातमी पसरली ती अशी, की बाईनं इंजिन ताणलं आणि बसवलं. दादाच्या कानावर ती पानठेल्यावर आली.

मला आधी दादाचा फोन आला. रऊफभाई भारी बेअरिंग टाका म्हणून राहिले, हीपण त्यांचंच धरून बसली, मला साधंच टाकायचं आहे, असं सांगून तो म्हणाला, "बेबी, तू शिकवते ना हे? तू सांग तिले." मला घरी अजून बेबीच म्हणतात. त्यानंतर थोड्या वेळानं वहिनीचा फोन. तिनं बेअरिंगचं नावच काढलं नाही. "ताई, तुमी येता का?" एवढंच विचारलं.

शनिवारी सकाळच्या बसने मी गेले. रस्ताभर मशीनं चालू होती, आमचं सोडून.

रऊफभाईंचं गॅरेज म्हणजे लांबट पत्र्याचं छप्पर, खाली ऑइल पिऊन पिऊन काळी झालेली जमीन. आमचा ट्रॅक्टर मधोमध उघडून ठेवलेला. जन्मापासून ज्याला पाहिलं त्या माणसाला दवाखान्यात पाहावं तसं मला झालं. दादा बाकाच्या एका टोकाला, कमरेला पट्टा बांधून ताठ बसलेला. वहिनी दुसऱ्या टोकाला. मध्ये एक पिशवी.

रऊफभाई गडगडाटी आवाजाचे, ठाम मताचे गृहस्थ. त्यांनी जुनी बेअरिंग माझ्यापुढं फडक्यावर मांडली. मऊ थर गेलेला, आतलं तांबं उघडं पडलेलं. त्यांचं म्हणणं असं की इंजिनावर भार जास्त झाला. थ्रेशर मोठा, ट्रॅक्टर जुना, चालवणाऱ्यानं रेस कमी ठेवून ताणलं. म्हणून कडक बेअरिंग टाका. गिट्टीच्या टिप्परना ते हेच टाकतात आणि ते टिप्पर परत येत नाहीत. त्यात त्यांना काही जास्त मिळणार होतं असं नाही. दुरुस्त करून दिलेली गाडी परत ओढत आलेली त्यांना सोसत नव्हती.

दादा म्हणाला, हंगाम झाला की गाडी विकायची आहे. चांदूर बाजारचं एक गिऱ्हाईक येऊन पाहून गेलं आहे. मग तो थेट माझ्याकडे पाहून बोलला, "इकाच्या गाडीत भारी माल कोन टाकते?"

वहिनी पिशवीच्या बंदाशी चाळा करत होती. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की इथं बेअरिंगविषयी कोणीच बोलत नाही. साधं म्हणजे विकणं आणि भारी म्हणजे ठेवणं, असं या दोघांत न बोलता ठरून गेलं होतं, आणि मला निवाड्यासाठी बोलावलं होतं.

क्रँक घासायला दुसऱ्या कारखान्यात गेला होता. तो यायला वेळ होता, म्हणून मी वहिनीला घेऊन जठारपेठेत मामेबहिणीकडे जेवायला गेले. बहीण कामावर गेलेली, किल्ली शेजारी. आम्ही दोघींनीच वाढून घेतलं. जेवताना मी तिला विचारलं, दादा म्हणतो तसं विकून टाकलं तर काय बिघडेल? शेती आहे, घर आहे. उन्हातान्हात धूळ खाण्यापेक्षा बरं.

तिनं पोळीचा तुकडा ताटात ठेवला. मग म्हणाली, "ताई, लगन झाल्यापासून मले कोनी विचारलं तं हेच विचारे, भाऊ घरी हायेत का? आता मानसं फोन करतात अन् विचारतात, ताई, तुमी कवा येता? मी सांगतो तवा येतो म्हनून लोक आपलं वावर थांबवून ठेवतात." तिनं पुढं जोडलं, "मले ते इकायचं नाई."

आमच्याकडच्या बाया स्वतःविषयी बोलतानाही 'सांगतो', 'जातो' म्हणतात. पुण्याच्या माणसाला ते ऐकून हसू येतं. मला त्या दिवशी ते फार शोभून दिसलं.

दुपारी आम्ही गॅरेजमध्ये परत गेलो. मला यंत्राचं उत्तर ठाऊक होतं, आणि तेच अडचणीचं होतं. कडक बेअरिंग जास्त भार सोसतं हे खरं. पण मऊ पट्टीचा एक गुण असतो. ऑइलमध्ये धुळीचा बारीक कण आला तर ती त्याला आपल्या अंगात रुतवून घेते आणि क्रँकला लागू देत नाही. कडक पट्टी तसं करत नाही. तो कण वरच राहतो आणि क्रँकवर चरे पाडतो. गिट्टीच्या टिप्परवर ऑइल, फिल्टर वेळच्या वेळी बदलले जात असतील तर कडक पट्टी फायद्याची. थ्रेशर चालवणारा ट्रॅक्टर दिवसभर कुटाराच्या धुळीत उभा असतो. तिथं साधं, पण चांगल्या बनावटीचं बेअरिंगच बरं. म्हणजे माझं ज्ञान दादाच्या बाजूनं बोलत होतं, आणि दादाची बाजू मला मान्य नव्हती.

मी वेळ काढण्यासाठी ती जुनी बेअरिंग पुन्हा हातात घेतली, उजेडात धरली. भारानं गेलेली पट्टी एका ठिकाणी चकाकते. ही सगळीकडून सारखीच खाल्ल्यासारखी दिसत होती. मी रऊफभाईंना विचारलं, काढलेलं ऑइल कसं होतं? ते म्हणाले, ऑइल ठीकच, थोडं पांढरट होतं. आणि बोलता बोलता तेच थांबले. पांढरट ऑइल म्हणजे ऑइलमध्ये पाणी. ते मला कळत होतं, त्यांना तर माझ्याहून आधी कळायला हवं होतं, पण तीन गाड्या एकाच वेळी उघडल्या असल्या की असं होतं. ते उठले आणि इंजिनातून लायनर ओढून काढायला लागले. लायनर म्हणजे ज्या नळकांड्यात पिस्टन खालीवर होतो तो. त्याच्या बाहेरून थंडाव्यासाठी पाणी खेळत असतं.

पहिले दोन बरे निघाले. तिसरा बाहेर आला तो बाहेरच्या अंगानं वाळवी लागल्यासारखा. खड्डेच खड्डे, त्यांत पांढरा क्षार भरलेला. रऊफभाईंनी एक बारीक तार घेतली आणि एका खड्ड्यात टोचली. तार आतून बाहेर आली.

आमच्या बोअरचं पाणी वर्षानुवर्षं लोखंड खात गेलं होतं. तिथून थेंब थेंब पाणी ऑइलमध्ये उतरलं, ऑइलचा पापुद्रा तुटला आणि बेअरिंग गेलं. ते पाणी दादा टाकायचा, त्याच्या आधी आमचे बाबा टाकायचे, वहिनीनंही तेच टाकलं. गावात सगळेच टाकतात. भारी बेअरिंग असतं तरी पाण्यापुढं तेही टिकलं नसतं.

रऊफभाईंनी तो लायनर उचलून बाकावर दादाच्या शेजारी ठेवला आणि आख्ख्या नाक्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "दिनेशभाऊ, बाईनं काई ताणलं नाई. हे पानी हाय तुमचं. मीच चुकीचं बोललो. अन् त्यायनं जागेवर बंद केलं म्हनून क्रँक वाचला. एखादा राहता तं अर्धी गंजी काढून मंग आनता, अन् मी सगळंच भंगारात टाकतो."

वहिनीनं पदरानं तोंड पुसलं. मला वाटलं आता दादा मोकळा होईल. त्याला गावातल्या बोलण्याचाच सल असेल तर तो आता राहिला नव्हता. पण दादा लायनरकडे पाहत तसाच बसला. मग हळूच उठला आणि म्हणाला, चहा घेऊ चाल.

चहाची टपरी गॅरेजला लागूनच होती. मी त्याला म्हटलं, आता तर कळलं ना तिची चूक नव्हती? तो म्हणाला, तिची चूक आहे असं मी कधी म्हणालो? मग विकायचं कशासाठी, असं मी जरा जोरातच विचारलं. त्यानं कप खाली ठेवला.

काही वर्षांपूर्वी तो एका गावी थ्रेशर घेऊन गेला होता. बाजूच्या वावरात दुसऱ्याचा थ्रेशर चालू होता. तिथं गंजीतून पेंढ्या उचलून देणाऱ्या एका बाईचा पदर मशीनच्या फिरत्या पट्ट्यात गेला आणि पदरामागं हात. मशीन बंद व्हायच्या आत व्हायचं ते होऊन गेलं. तिला ज्या ट्रॉलीतून दवाखान्यात नेलं ती दादाच्या ट्रॅक्टरला जोडलेली होती. ही गोष्ट त्यानं घरी कोणालाच सांगितली नव्हती. स्वतः चालवत होता तोवर त्याला तिची आठवणही फारशी यायची नाही. आता वहिनी सकाळी गाडी घेऊन गेली की त्याला दुसरं काही दिसत नाही. तासातासाला फोन करतो, जेवली का, पोचली का. तिला वाटतं हा माझ्यावर पाळत ठेवतो.

"इंजिनाले बेअरिंग भेटते, बेबी," तो म्हणाला. "हाताले नाई भेटत."

वहिनी माझ्या मागे कधी येऊन उभी राहिली मला कळलं नाही. तिच्या हातात दादाचं गोळ्यांचं पाकीट होतं, दुपारची गोळी राहिली होती म्हणून ती आली होती. तिनं ते त्याच्या पुढं ठेवलं. "हे मले एक डाव सांगतलं असतं," ती म्हणाली, "तं गाडी शिकाच्या आधी म्या त्या पट्ट्याले जाळी मारून घेतली असती." तिचा आवाज चढलेला नव्हता. ती फोनचं बोलली नाही, लोकांच्या बोलण्याचंही नाही. गोळी घेऊन होईपर्यंत तिथंच उभी राहिली आणि परत गेली.

मला आजही वाटतं की माणसं यंत्राविषयी भांडतात तेव्हा बहुतेकदा त्यांच्याजवळ सांगण्यासारखं दुसरंच काही असतं. यंत्र समोर असतं, उघडं असतं, त्याला बोट लावून दाखवता येतं. भीतीला कुठं बोट लावणार? दादानं साध्या बेअरिंगचा हट्ट धरला, वहिनीनं भारीचा. दोघांनाही बेअरिंगमधलं फारसं काही कळत नव्हतं आणि तशी गरजही नव्हती.

घासलेला क्रँक घेऊन कारखान्याचा माणूस आला. रऊफभाईंनी हात पुसले आणि माझ्याकडे वळले. "बोला मॅडम. कोनतं?"

मी यंत्राचं उत्तर दिलं. साधं टाका, पण चांगल्या बनावटीचं. लायनर चारही नवे. रेडिएटरमध्ये यापुढं बोअरचं पाणी नाही, कूलंट टाकायचं. ऑइल, फिल्टर हंगामाच्या मध्ये एकदा बदलायचे. मी बोलत असताना वहिनी जमिनीकडे पाहत होती. तिच्यासाठी मी साधं म्हटलं म्हणजे विका म्हटलं होतं. तसं नाही हे तिला कसं सांगावं, याचे शब्द मी जुळवत होते.

त्याआधी दादाच बोलला. "साधंच टाका, रऊफभाई," तो म्हणाला. "अन् तुमचा वेल्डिंगवाला कोठी बसते? वाचले त्या पैशांत मले थ्रेशरले जाळी करून पाहिजे. चांगली, अंगभर."

रऊफभाईंनी पलीकडच्या दुकानाकडे बोट केलं. दादा कमरेवर हात ठेवून तिकडे चालायला लागला. थोडं पुढं जाऊन तो थांबला, मागे वळला आणि वहिनीला म्हणाला, माप तुले ठावं हाय, तू ये. ती पिशवी बाकावर तशीच टाकून गेली.

चांदूर बाजारच्या गिऱ्हाइकाला त्यानं काय सांगितलं हे मी कधी विचारलं नाही. ट्रॅक्टर अजून घरी आहे. तेच बेअरिंग, तोच आवाज. यंदाही वहिनी हरभऱ्यावर गेली आहे.

पण त्या वर्षीचा हंगाम मात्र हातचा गेला. इंजिन जुळून गावी यायला वेळ लागला, आणि तोवर बाहेरून आलेल्या एका मोठ्या मशीननं आसपासच्या बहुतेक गंजी काढून टाकल्या होत्या. अर्ध्या गंजीवाल्या शेतकऱ्यानंही त्याच मशीनला बोलावलं. त्याला काय म्हणावं, त्याचा माल उघड्यावर होता. थांबून राहिल्या होत्या त्या एक शेवंतामावशी. नात्यानं आमच्या कोणी लागत नाहीत, गावात सगळे त्यांना मावशी म्हणतात. एकट्या राहतात, वावर लहानसं. मोठं मशीन त्यांच्या बांधावरून वळून गेलं होतं, तेवढ्याशा मालासाठी त्याला आत शिरणं परवडत नव्हतं. आणि मावशींनीही कोणाला हाक मारली नाही. कल्पना येते म्हणाली आहे, ती येईल, असं म्हणून ताडपत्री टाकून, वर दगड ठेवून त्या बसून राहिल्या.

मावशींचा हरभरा काढायचा होता त्या दिवशी मी मुद्दाम गेले होते. नवं बेअरिंग बसवलं की इंजिन लगेच दमवायचं नसतं, थोडे दिवस हलक्या हातानं चालवावं लागतं, म्हणजे क्रँक आणि पट्टी एकमेकांना सरावतात. ते वहिनीला समजावून सांगायचं होतं. दादाही आला, गावातल्या एकाच्या गाडीत मागच्या सीटवर आडवा पडून. प्लास्टिकची खुर्ची त्यानं सोबत आणली होती. ती पट्ट्याच्या बाजूला, पण लांब, कुटार येणार नाही अशा जागी मांडली आणि ताठ बसला. नव्या जाळीला हिरवा रंग दिलेला होता, तो अजून पुरता वाळला नव्हता. वहिनीनं साडीवर दादाचा जुना शर्ट घातला होता, पदर आत खोचून, बाह्या कोपरापर्यंत गुंडाळून.

दुपारी इंजिन सुरू झालं. मी आवाज ऐकत होते. स्वच्छ आवाज होता. पहिल्या पेंढ्या आत गेल्या, खालून दाणे पडायला लागले, पिवळे, टपोरे. मावशींनी मूठभर उचलले, एक दाणा दाताखाली फोडला आणि मान हलवली. पश्चिमेकडून आभाळ भरून येत होतं. वारा फिरला तसं कुटार आमच्याच अंगावर यायला लागलं. मजूर वहिनीकडे पाहून हात उंच करायला लागले, रेस वाढवा, पाणी येते. खुर्चीच्या दांड्यांवर दादाची बोटं आवळलेली होती. वहिनीनं एकदा आभाळाकडे पाहिलं, एकदा काट्याकडे, आणि रेस होती तिथंच ठेवली. गंजी हळूहळू खाली येत गेली. हा वेळ लांबच लांब वाटला. शेवटची पेंढी आत गेली तेव्हा हवेत मातीचा वास आला होता, आणि आम्ही पोती ताडपत्रीखाली ओढत असताना दोन-चार थेंब पडले. मोठा पाऊस मग पलीकडून निघून गेला.

वहिनीनं इंजिन बंद केलं. एवढा वेळ कानांत भरलेला आवाज गेला आणि एकदम सगळं रिकामं वाटलं. दूर कुठं तरी टिटवी ओरडत होती. तिच्या भुवयांवर, पापण्यांवर कुटार बसलं होतं. सीटवरून उतरून ती दादाच्या खुर्चीजवळ आली, पाण्याची बाटली घेतली आणि अर्धी एका दमात प्यायली. त्यानं तिच्याकडे वर पाहिलं. मला वाटलं, आता तो जाळीचं काहीतरी विचारेल.

"गव्हाले कोनाकोनाचं काम घेतलं?" त्यानं विचारलं.

तिनं बाटलीचं बूच लावलं आणि बोटांवर मोजत एकेकाची नावं सांगायला लागली.